मागणं आणि मागणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका पोरीला जर्मनीतल्या एका उच्चशिक्षण संस्थेचं पत्र आलं. एम.एस्सी.ला प्रवेश. बाप नगरपालिकेच्या सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करते. पत्र बुद्धविहारात वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग कुणीतरी विचारलं, फी किती? पोरगी म्हणाली, फी नाही. लोकांना वाटलं चेष्टा करतेय. गोऱ्यांच्या देशात शिक्षण फुकट, आणि इथं बालवाडीला डोनेशन?

पण खरं होतं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी पोरांनाही शिकवणीची फी नाही. सहा महिन्यांनी शे-तीनशे युरोची वर्गणी भरायची, झालं.

मग पोरीनं दुसरा कागद काढला. व्हिसा पाहिजे असेल तर वर्षभराच्या खाण्यापिण्याचे पैसे आधी एका खात्यात टाकून दाखवायचे. ११,९०४ युरो. त्या खात्याला कुलूप असतं. तिकडं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो बाहेर येतात, जास्त नाही. पैसा आपलाच, खाणार आपणच. पण आधी तो असला पाहिजे. आपल्या रुपयात हिशेब केला तर बारा लाखाच्या घरात.

विहारात सगळं चिडीचूप झालं. मागं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी आपुन उपाशी हाव का न्हाई हे बघाया त्येनी आधी भरल्यालं ताट मागितलंय."

हसू फुटलं. हसता हसता ठरलं, वर्गणी काढायची. आणि तेव्हा आमच्यातलेच एक निवृत्त गुरुजी उभे राहिले. चळवळीत हाडं झिजवलेला माणूस. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी आपल्याला भाकर मागायची सोडायला लावली. आता आपण युरो मागायला लागलो. हे मागणं कुठवर चालणार?"

कुणी उत्तर दिलं नाही. मलाही तेव्हा देता आलं नाही. म्हणून हा लेख.

प्रश्न एका पोरीचा नाही. ज्याच्या घरात पैसा नाही तो शिकायला परदेशी निघतो तेव्हा त्याला कुणाच्या तरी दारात जावंच लागतं. सरकारच्या, विद्यापीठाच्या, बँकेच्या, वस्तीच्या. तर हे दारात जाणं म्हणजे काय? भीक? हक्क? कर्ज? आणि जे मिळेल ते कुणाला फेडायचं?

येसकराची भाकर

येसकराची पाळी ज्यांनी डोळ्यांनी बघितली ती पिढी आता सरत आली. नव्या पोरांसाठी सांगतो. महारवाड्यातल्या घरांची पाळी असायची. पाळी आली की त्या घरानं गावची सगळी कामं करायची. वेशीवर राखण, सरकारी टपाल, मयताचा सांगावा, मेलेलं ढोर ओढणं, आल्यागेल्या साहेबाचं ओझं. आणि दिवस बुडताना घुंगराची काठी वाजवत घरोघर जाऊन ओरडायचं, भाकर वाढा माय.

आता मला सांगा, ती भाकर काय होती? दिवसभर राबल्याची ती मजुरी होती. गावाच्या वहीत बलुतं म्हणून लिहिलेली. तरी घेणाऱ्याला ती भीक वाटायची आणि देणारीला दान वाटायचं. मजुरीची भीक झाली कशी?

मी यावर पुष्कळ विचार केला. त्यात तीन युक्त्या आहेत. पहिली : किती द्यायचं हे आधी ठरवायचं नाही. अर्धी दिली काय नि शिळी दिली काय, तक्रार कुणाकडं करणार? दुसरी : कधी द्यायचं हे देणाऱ्यानं ठरवायचं. दारात उभं राहा, आतलं जेवण उरकू दे. तिसरी : घेणाऱ्यानं रोज नव्यानं हाक मारायची, रोज नव्यानं हात पसरायचा. कालची भाकर आजच्या हक्काचा पुरावा धरायची नाही.

या तीन गोष्टी लावल्या की कुठल्याही हक्काची भीक करता येते. आणि या तीन काढून टाकल्या की त्याच भाकरीची मजुरी होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं त्यामागचं दुखणं हेच होतं. भाकर कमी पडते एवढीच तक्रार नव्हती. ज्या पद्धतीनं ती मिळते त्यानं माणूस गुलाम होतो, ही तक्रार होती.

म्हणून गुरुजींच्या प्रश्नाला पहिलं उत्तर असं : मागणं वाईट की चांगलं हा प्रश्नच चुकीचा आहे. देण्याची रीत कशी आहे ते बघा. मागणं आणि मागणी यात एका वेलांटीचा फरक आहे. पण एक दारात उभं राहून करतात आणि दुसरी हिशेबाची वही उघडून करतात.

वही कुणाची?

तर वही उघडू.

१८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या पोरांच्या उच्च शिक्षणावर. ज्याचा घाम त्याच्या पोराला अक्षर नाही. दीडशे वर्षं होत आली, हिशेबाची ही रीत कुणाला खोडता आलेली नाही.

आज आमची आई काडेपेटी घेते, तेलाची पिशवी घेते, त्यावर कर भरते. मोबाईलचा रिचार्ज मारते, त्यावर कर भरते. कर घेताना दुकानदार तिला जात विचारत नाही, उत्पन्नाचा दाखला मागत नाही, दोन जामीनदार आणा म्हणत नाही. पैसा घेताना सगळं सोपं. तोच पैसा शिष्यवृत्ती म्हणून परत येताना मात्र त्याला 'मदत' म्हणतात. सवलत म्हणतात. सरकारी कृपा म्हणतात. पुढं आमचीच शिकलेली पोरंही खालच्या मानेनं म्हणतात, मी सवलतीवर शिकलो.

अरे, सवलत कसली? जमा झालेल्यातलं थोडं परत आलं.

हे सरकारच्या पैशाचं झालं. विद्यापीठांच्या पैशाचं काय? अमेरिकेतल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., ॲमहर्स्ट यांसारख्या थोड्या संस्था परदेशी पोराला पदवीला घेतानाही त्याची ऐपत बघत नाहीत आणि घेतल्यावर लागेल तेवढी मदत देतात. डार्टमथ आणि बोडन या दोन संस्था २०२२ साली त्यांत आल्या. बाकीच्या बहुतेक ठिकाणी तुम्ही मदत मागितली की प्रवेशाच्या तराजूत तुमचं पारडं हलकं होतं. गरिबी हा तिथं चक्क वजा गुण आहे. आणि ज्या मोठ्या संस्था मदत देतात त्यांतल्या काहींच्या खजिन्यात गुलामांच्या व्यापाराचा पैसा होता. हार्वर्डनं २०२२ साली स्वतःच अहवाल काढून तसं कबूल केलं. तेव्हा तिथंही वही उघडली तर दान कुठं संपतं नि देणं कुठं सुरू होतं हे सांगणं अवघड जाईल.

दोन माणसं, दोन अर्धवट शिष्यवृत्त्या

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. कोलंबियात १९१५ साली एम.ए. झालं. १९१६ साली लंडन गाठलं. स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडं नाव घातलं. आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. सामानसुमान दुसऱ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट महायुद्धात बुडाली. पुस्तकं समुद्रात गेली.

बडोद्यात पुढं काय झालं ते आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. राहायला जागा नाही, हाताखालचे लोक लांबून फायली फेकतात. कराराची दहा वर्षं राहिली बाजूला, दहा दिवस धड गेले नाहीत.

मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसा साठवला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भाथेना या पारशी मित्रानं पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी.एस्सी. मधे जर्मनीत बॉनलाही नाव घातलं होतं.

दुसरा माणूस अमेरिकेतला. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस. काळा माणूस. १८९० साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष रुदरफोर्ड हेज स्लेटर फंडाचे प्रमुख होते. हा फंड काळ्यांच्या शिक्षणासाठी होता. हेज यांच्या तोंडी पेपरात छापून आलं की, लायक काळा तरुण मिळाला तर युरोपात पाठवू, पण अजून तसा दिसला नाही. ड्युबॉइसनं ते वाचलं आणि अर्ज टाकला. नकार आला. तेव्हा त्यानं हेज यांना पत्र लिहून खडसावलं. तुम्ही अख्ख्या समाजाची बेअब्रू केली आहे, या सुरात. पुन्हा अर्ज केला. शेवटी १८९२ साली ७५० डॉलर मंजूर झाले. निम्मे देणगी, निम्मे व्याजी कर्ज. त्यावर तो बर्लिनला गेला. दोन वर्षं शिकला. डॉक्टरेटला आणखी थोडा काळ तिथं राहणं भाग होतं. फंडानं पुढचा पैसा नाकारला. १८९४ साली बर्लिनच्या पदवीशिवाय तो परतला. पुढच्या वर्षी त्यानं हार्वर्डची डॉक्टरेट घेतली, ती घेणारा पहिला काळा माणूस ठरला.

हीच दोन माणसं १९४६ साली एकमेकांना पत्रं लिहितात. बाबासाहेब विचारतात, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढं जो अर्ज मांडला त्याची प्रत मिळेल का. मला त्या पत्रांतलं हे दिसतं : दोघंही एके काळी अर्जदार होते. दोघांचाही पैसा मधेच तुटला. आणि दोघंही म्हातारपणाकडं झुकताना पुन्हा अर्जाबद्दलच बोलतायत. पण आता तो एकट्याचा अर्ज उरलेला नाही, समाजाची मागणी झाला आहे.

ड्युबॉइसनं दाखवून दिलं की अर्ज ताठ मानेनं करता येतो. 'लायक मिळत नाही' म्हणणाऱ्याला तो विचारतो, तुम्ही शोधलं कुठं? ही भिकाऱ्याची भाषा नाही. पण त्याचा पैसा तुटल्यावर तो काही करू शकला नाही, हेही तेवढंच खरं. भाषा ताठ असली तरी कुलपाची किल्ली दुसऱ्याकडं असते.

आजचा येसकर

आता त्या तीन युक्त्या घेऊन आजची शिष्यवृत्ती तपासा.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ सालापासून आहे. आज वर्षाला १२५ जागा. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, बाकी भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांसाठी. अख्ख्या देशातले आपले लोक मोजा आणि ११५ मोजा. घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत, वय पस्तिशीच्या आत, आणि विद्यापीठ जगाच्या रँकिंगमध्ये पहिल्या पाचशेत पाहिजे. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची. तिथली रँकिंगची अट याहून कडक. शाहू महाराजांनी बाबासाहेबांना मदत करताना कुठली यादी बघितली होती?

या रँकिंगची गंमत बघा. आमच्या पोरीची जर्मन संस्था त्या यादीतच नाही. हाताला काम शिकवणाऱ्या तिकडच्या छोट्या संस्था अशा याद्यांत सहसा नसतात. मग शिष्यवृत्ती नाही. जिथं फी नाही, जिथं थोड्या पैशात गरिबाचं पोर शिकू शकतं, तिथं सरकार पैसा देत नाही. जिथं फी डोंगराएवढी आहे तिथं देतं, पण मूठभरांना. थोड्या पैशात पुष्कळ पोरं जाऊ शकतील असा रस्ता समोर असताना अरुंद फाटक कुणी नि कशाला धरलं?

२०२२ साली केंद्राच्या शिष्यवृत्तीचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन या विषयांना पैसा बंद. म्हणजे आमच्या पोरानं परदेशात जाऊन पूल बांधायला शिकावं, औषधं बनवायला शिकावं, पण जातीचा अभ्यास करू नये. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जातिसंस्थेवर निबंध वाचला. आजच्या नियमात त्या विषयाला पैसा मिळाला नसता. भाकर देईन, पण तोंड कशासाठी उघडायचं ते मी ठरवीन.

२०२५च्या जुलैत १०६ जणांची निवड झाली आणि पत्रं आधी ४० जणांनाच गेली. उरलेल्या ६६ जणांना कळवलं, पैसा उपलब्ध झाला तर बघू. तिकडं विद्यापीठाची तारीख, व्हिसाची तारीख, इकडं हे 'बघू'. ही दुसरी युक्ती. दारात थांब, आतलं जेवण उरकू दे.

आणि बँक? साडेसात लाखाच्या वर कर्ज पाहिजे तर तारण ठेवा. आमच्या पोरीच्या आज्याच्या नावावर दोन एकर आहे. वतनाची. १९५८च्या कायद्यानं खालची वतनं गेली, जमिनी पुन्हा आमच्या नावावर झाल्या, पण अट राहिली : कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २. बँकेच्या साहेबानं सातबारा बघितला, 'वर्ग २' वाचलं आणि कागद परत सरकवला. वाईट बोलला नाही. चहा पण पाजला. शेजारच्या टेबलावर एका बागायतदाराच्या पोराचं कर्ज त्याच दिवशी मंजूर झालं, तो ऑस्ट्रेलियाला निघाला होता. दोघांची जमीन एकाच शिवारात. एकीवर कर्ज निघतं, एकीवर निघत नाही. वतन गेलं म्हणतात. त्याचं भूत सातबाऱ्यावर बसलंय.

बाहेरची दारंही हळूहळू लागतायत. डेन्मार्कनं २००६ साली, स्वीडननं २०११ साली, फिनलंडनं २०१७ साली आणि नॉर्वेनं २०२३ साली युरोपबाहेरच्या पोरांना फी लावली. जर्मनीतही बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांतात २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो घेतात. म्हणून वर्षाआड ऐकीव माहितीवर विसंबून चालत नाही. ज्याला माहीत आहे त्यानं दुसऱ्याला वेळेवर सांगणं ही सुद्धा मदत आहे, आणि ती फुकट आहे. तरी आपल्यातले गेलेले किती लोक ती करतात? वरच्या जातीच्या पोराला मामा सांगतो, मावसभाऊ सांगतो, सोसायटीतले काका सांगतात. डॉक्टरेटला अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी फी माफ होऊन वर पगार मिळतो, अर्जाची फी विनंती केली तर माफ होऊ शकते, हे त्याला घरबसल्या कळतं. आमच्या पोराला एजंट गाठतो आणि जिथं कमिशन तिथं ढकलतो. गरिबी पैशाचीच असते असं नाही, बातमीचीही असते.

जखम किती दाखवायची?

आता एक अवघड गोष्ट. मदतीच्या अर्जात एक पत्र लिहावं लागतं. आपण कोण, कुठून आलो, काय सोसलं. आमच्या पोरीनं एका संस्थेसाठी असं पत्र लिहिलं. एका जाणकारानं वाचून सांगितलं, चांगलं आहे, पण अजून 'वेदना' घाल. तुझ्या आईला कुणी विटाळ मानलं असेल ते लिही. तिकडच्या लोकांना असलं भिडतं.

पोरगी माझ्याकडं आली. म्हणाली, "काका, आईचा अपमान किती गुणांचा असतो?"

मी तिला लगेच काही बोललो नाही. आपलं साहित्य उभं राहिलं ते सोसलेलं सांगण्यातून. मग सोसलेलं अर्जात लिहिलं तर बिघडलं कुठं? मला वाटतं, फरक हा आहे. साक्ष देतो तो गुन्हा सिद्ध करण्यासाठी. त्यात गुन्हेगार असतो, गुन्हा असतो, न्यायाची मागणी असते. जखम विकतो तो खरेदीदाराच्या डोळ्यात पाणी आणण्यासाठी. त्यात गुन्हेगार गायब होतो, उरते फक्त बिचारी आई. साक्षीत आई माणूस असते. विक्रीत ती माल होते.

मी तिला एवढंच सांगितलं : जे लिहिशील ते आईला मराठीत वाचून दाखव. तिला मान वर करून ऐकता आलं तर राहू दे. तिनं वाचून दाखवलं. आईनं एक वाक्य काढायला लावलं. कुठलं ते मी विचारलं नाही. त्या संस्थेनं मदत दिली नाही. ते वाक्य असतं तर दिली असती का? असती कदाचित. ही किंमत आहे आणि ती आपल्याला परवडत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. ज्यानं ते वाक्य ठेवलं त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्यानं असं वाक्य लिहायची पाळी आणली त्याला ठेवीन.

फेडायचं कुणाला?

शेवटचा प्रश्न. आपल्यातलेच काही विचारतात, एकाला परदेशी पाठवायच्या खर्चात वसतिगृहातली किती पोरं जगतील? तिथं आमटीत डाळ शोधावी लागते. आणि तो गेलेला परत येतो का? येऊन समाजाकडं बघतो का?

हा प्रश्न दुष्टाव्यातून आलेला नाही. पण दोन ताटांत भांडण लावून देणारा तिसराच असतो. श्रीमंताला कुणी विचारत नाही की पोरगा परदेशी धाडू की गावात शाळा काढू. निवड फक्त आम्हीच करायची. मी म्हणतो, डाळही पाहिजे आणि जर्मनीही पाहिजे. बाबासाहेबांनी दोन्ही केलं. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत असताना १९४४ साली मॅट्रिकपुढच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या त्या त्यांच्याच रेट्यानं, आणि त्याच काळात आपली पोरं परदेशीही धाडली गेली.

पण प्रश्नाची दुसरी बाजू खरी आहे. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जाहीर खंत केली. ती खंत आपण जयंतीला फलकावर लिहितो आणि दुसऱ्या दिवशी फलक पुसून फ्लॅटवर जातो. दार उघडून आत गेलेला दार लावून घेतो. मागून येणारा त्याला ओळख दाखवतो तर हा आडनाव बदलून बसलेला.

तर ऋण कुणाचं? बडोद्याचा करार मोडला म्हणून कुणी बाबासाहेबांना ऋणबुडवे म्हणेल का? दहा वर्षं कारकुनी करून ते ऋण फिटलं असतं आणि आपण सगळे बुडालो असतो. शिष्यवृत्तीचं ऋण देणाऱ्याकडं परत जात नाही. ते रांगेत पुढं सरकतं. माझ्यामागं जो उभा आहे तो माझा सावकार. सरकारला मी कागदपत्रं देईन, अटी पाळीन, हिशेब देईन. पण माझी मान त्या मागच्याच्या हातात आहे.

म्हणून शरीरानं परत आलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. जात तिकडंही पोचली आहे. अमेरिकेत सिॲटल शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. तिकडं राहून लढणारेही लागतील. पण इकडं राहून दार लावून घेणारा आणि तिकडं राहून दार धरून ठेवणारा यांत परत आलेला कोण, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

वही

शेवटी काय झालं ते सांगतो. बँकेनं अकरा खेपा घालायला लावून बिनतारणी साडेसात लाख दिले. बापानं प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली. आईच्या बचत गटानं कर्ज दिलं. राहिलेलं वस्तीनं. पोरीनं दोनशे पानी वही केली, त्यात ११८ नावं. सर्वांत मोठी रक्कम वीस हजार, सर्वांत लहान पन्नास.

वहीच्या डोक्यावर तिनं लिहिलं होतं 'देणगी'. पन्नास देणाऱ्या म्हातारीनं विचारलं, वर काय लिवलंय? सांगितलं. म्हातारी म्हणाली, "देनगी देवाला देत्यात. म्या काय तुला देव मानलं न्हाई." मग पोरीनं 'कर्ज' लिहिलं. म्हातारी बिघडलीच, "म्या सावकार हाय व्हय?" तेव्हा गुरुजी, ज्यांनी पहिल्या दिवशी प्रश्न विचारला तेच, पुढं आले. खिशातून पाच हजार काढले आणि म्हणाले, "दोन्ही खोड. डाव्या पानावर 'जमा' लिही, उजव्या पानावर 'नावे' लिही. डावीकडं आम्ही. उजवीकडं तू ज्यांना पुढं धाडशील ते."

पोरगी सप्टेंबरात गेली. वही विहारात कपाटात आहे. डावी पानं भरलेली आहेत. शिकत असताना तिकडं थोडं काम करायची परवानगी असते. एका खानावळीत भांडी घासून तिनं पहिला पगार घेतला आणि शेजारच्या वस्तीतल्या दोन पोरांच्या अर्जाची फी भरली. एकेकाची पंचाहत्तर युरो. गुरुजींनी उजव्या पानावर त्या दोघांची नावं लिहिली आणि तारीख घातली.

ज्यांना ती वही बघायची असेल, किंवा अर्ज कसा करायचा हे विचारायचं असेल, त्यांनी रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर विहारात यावं. पुढच्या दोघांच्या बारा-बारा लाखांचं काय, यावरही बोलायचं आहे.